ओळखीच्या दोन खुणा

फॉर्म भरणं ही कला आहे, आणि आमच्या अख्ख्या गावात ती एकट्या मला येते. फुशारकी मारत नाहीये, वैतागून सांगतेय. बावीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात खिडकीच्या आतल्या अंगाला बसते आणि बाहेरून माणसं फॉर्म आत सारतात. नावाच्या जागी पत्ता, पत्त्याच्या जागी सही आणि सहीच्या जागी चहाचा डाग. बरं, अडाणी म्हणावीत तर तसंही नाही, टाय लावून येणारी माणसं. 'आडनाव आधी लिहावे' असं ठळक छापलेलं असताना आडनाव शेवटी लिहितात आणि वर मलाच विचारतात, "चालेल ना?" नाही चालत. मी कागद बाहेर ढकलते आणि पुढच्याला बोलावते. खिडकीवर पाटी आहे: 'दाखल्यात दुरुस्ती होणार नाही. विनाकारण विचारू नये.' पाटीवरचं अक्षर माझंच आहे.

अशा बाईच्या पोटच्या पोरीचाच फॉर्म अडकावा, यासारखी नाचक्की नाही.

पोरगी म्हणजे आमची बबी. एकुलती एक, वय अठरा, शाळा नुकतीच संपलेली. बाकीच्यांच्या मुली या वयात घरात बसून आयांची डोकी खातात. ही गुपचूप जाऊन नौदलाच्या भरतीला बसली, लेखी परीक्षा झाली, धावून झालं, पोहून झालं, आणि एके दिवशी निवडीचं पत्र घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. पोहायला कुठं शिकलीस, असं मी विचारलं. "मैत्रिणीच्या क्लबात, महिनाभर," म्हणाली. महिन्याभरात शिकली म्हणजे हुशारच म्हणायची, माझ्यावर गेलीय.

सोमवार सोडून पुढच्या सोमवारी सकाळी आठला तिला प्रशिक्षण केंद्रावर हजर व्हायचं होतं. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरती कार्यालयात सगळी कागदपत्रं पूर्ण हवीत, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. एकदा गेली की नऊ आठवडे फोन नाही, भेट नाही.

ती जाऊ नये असं मला वाटत होतं. हे मी कुणाला बोलले नाही, कारण ज्याचा उपयोग नाही ते बोलायचं नाही असा माझा नियम आहे. त्याऐवजी मी तिच्या हातातून फॉर्म काढून घेतला.

"आई, मी भरते ना," बबी म्हणाली.

"तू बॅग भर. हा माझा धंदा आहे."

"अगं पण एखादा रकाना मलाच..."

"बबे, तुझा जन्म झाला तेव्हाही फॉर्म मीच भरला होता, सलाईन लावलेल्या हातानं. जा."

तेरा रकाने मी सात मिनिटांत भरले. चौदावा होता, 'शरीरावरील ओळखीच्या कायमच्या खुणा, कमीत कमी दोन.' तिथं पेन थांबलं. कारण माझ्या मुलीच्या अंगावर खूणच नाही. असेल कशी? मी तिला वाढवलीय. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावले, जिन्याला जाळी बसवली, सायकल आणली ती तीन चाकांची आणि चौथं चाक मी बसवून घेतलं. उंचावर चढायचं नाही, पाण्याच्या जवळ जायचं नाही, कात्रीला हात लावायचा नाही. अठरा वर्षांत पोरीला ओरखडा नाही. गावात आहे का अशी दुसरी मुलगी? तर नाही.

तरी शनिवारी दुपारी मी तिला गॅलरीत उजेडाला बसवलं. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांना म्हटलं, मोठं भिंग घेऊन या. आले. भिंग घेऊन त्यांनी पोरीचा उजवा कोपर पाऊण तास तपासला. उजवा कोपर सोडून माणूस पुढं सरकेना. "अहो, मुलीला आणखीही अवयव आहेत," मी म्हटलं. तर डाव्या कोपराकडे गेले. हे असं आमच्याकडे. चेहरा, मान, हात मीच बघितले. बबी पावलं मांडीखाली दाबून बसली होती. पाय बघायला लागले तर म्हणाली, "गुडघ्यापर्यंत बघ, खाली नुसती नखं आहेत." केसांकडे हात नेला तर म्हणाली, "डोक्यात कसली खूण, आई? तिथं केस असतात." बरोबरच होतं. डाव्या मनगटावर एक झकास तीळ सापडला, ह्यांनी भिंगातून बघून 'कायमचा' असं जाहीरही केलं, आणि मी ओलं बोट फिरवल्यावर तो बॉलपेनाच्या शाईसकट निघून आला.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. कुणाच्या घरात काही अडलंय याचा वास त्यांना दोन मजले लांबून येतो. बबीची हनुवटी धरून त्यांनी चेहरा या बाजूनं, त्या बाजूनं फिरवला, मंडईत दुधीभोपळा बघावा तसा.

"गोंदवून टाका की एक ठिपका," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम. माझ्या माहितीची बाई आहे."

मी फॉर्म उलटा करून दाखवला. मागं छापलं होतं, 'गोंदलेले उमेदवार अपात्र.'

"मग जरासं चटका वगैरे?"

"काकू, पोरगी नौदलात चाललीय, आपण तिला भाजायची का आता?"

"मी आपलं सुचवलं," काकू म्हणाल्या आणि चहा होईपर्यंत बसून राहिल्या.

त्यांच्या पाठोपाठ समोरच्या दारातले कमांडर आले. कमांडर हे आम्ही ठेवलेलं नाव. त्यांचा पुतण्या नदीच्या बोटीवर स्वयंपाकी आहे, आणि तेवढ्या जोरावर हे गृहस्थ समुद्रावर भाषणं देतात. त्यांनी फॉर्म लांब धरून वाचला, मान हलवली.

"खुणा नसतील तर घेतच नाहीत. माझ्या पुतण्याला अकरा होत्या."

"त्या कांदा चिरताना झालेल्या," मी म्हटलं.

"त्याच तर ग्राह्य धरतात," कमांडर म्हणाले. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण आमच्या मजल्यावर विटाही दगडाच्याच आहेत.

सोमवारी रजा टाकून मी बबीला आणि ह्यांना घेऊन भरती कार्यालयात गेले. ह्यांची गरज नव्हती, पण पोरगी म्हणाली बाबांना आण. खिडकीच्या आत पंचविशीचा एक कारकून होता. खिडकीच्या बाहेर उभं राहायची मला सवय नाही. जाळी इतक्या खाली केलेली की बोलायला कमरेत वाकावं लागतं. माझ्या खिडकीचीही तेवढीच खाली आहे, पण ती आतून बघताना इतकी खाली वाटत नाही.

"चौदा कोरा ठेवलाय," तो म्हणाला.

"खुणा नाहीत. 'नाही' लिहिलं तर चालेल ना?" मी विचारलं, आणि स्वतःच्या तोंडून 'चालेल ना' ऐकून माझे कान लाल झाले.

"नाही चालत. आणि नाहीत कशा? शाळेच्या दाखल्यावर आहेत की." त्यानं जोडलेल्या कागदांतून दाखला काढून वाचला. "एक, डाव्या कोपराजवळ तीळ. दोन, उजव्या भुवईवर जुना व्रण. हेच इथं उतरवा, मुलीच्या अंगावर आहेत ते आमच्या डॉक्टर बघतील, जुळलं की झालं काम."

मी बबीची भुवई बघितली. भुवई होती तशीच होती, गुळगुळीत.

"हे साफ खोटं आहे," मी म्हटलं. "हे ज्या गाढवानं लिहिलं त्याला नोकरीवरून काढायला पाहिजे. पोरांच्या आयुष्याशी खेळ आहे हा. कोण बसतं कोण अशा ठिकाणी?"

कारकुनानं दाखला जाळीखालून माझ्याकडे सरकवला आणि तळाशी बोट ठेवलं. सही माझी होती. अक्षरही माझं होतं, तेच ते सुवाच्य, ज्याबद्दल मला शाळेच्या संमेलनात दोनदा प्रशस्तिपत्र मिळालंय.

आता हे सांगायलाच हवं. शाळाप्रवेशाच्या दिवशी खिडकीसमोर दोनशे चाळीस पोरं असतात. निम्मी रडत असतात, उरलेली एकमेकांना रडवत असतात. प्रत्येकाचे कपडे वर करून तीळ कोण शोधत बसणार? म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी पद्धत बसवली. तीन तीळ: डाव्या कोपराजवळ, उजव्या गालावर, मानेवर. तीन व्रण: भुवईवर, हनुवटीवर, गुडघ्यावर. त्यांच्या नऊ जोड्या होतात. पहिल्या पोराला पहिली जोडी, दुसऱ्याला दुसरी, दहाव्याला परत पहिली. गणित चोख, कुणावर अन्याय नाही. बावीस वर्षांत एकही तक्रार नाही. बबी माझ्याच शाळेत आली तेव्हा रांगेत तिचा नंबर आला, आणि जी जोडी आली ती मी लिहिली. स्वतःची मुलगी म्हणून पक्षपात केला नाही.

"बाई, मी तुमच्याच शाळेचा," कारकून हळूच म्हणाला आणि त्यानं डावी बाही वर केली. कोपराजवळ पेनानं काढलेला एक ठिपका होता. "माझाही हाच तीळ आहे. सरकारी काम असलं की मी सकाळी काढून येतो. पण इथं डॉक्टर स्पिरिटनं पुसून बघतात."

हे हसायला लागले. मी बघितल्यावर थांबले.

तर आता दाखला दुरुस्त करणं आलं. मला वाटलं, त्यात काय, ऑफिस माझं, रजिस्टर माझं, पेनही माझंच. मंगळवारी सकाळी गेले तर माझ्या खुर्चीवर आमची ज्युनिअर बसलेली. मी रजेवर असले की तीच बसते. चार वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिला साधं पंच मशीन धरता येत नव्हतं. मी घडवली तिला.

"जरा ते जुनं रजिस्टर दे गं," मी दारातून म्हटलं.

"बाई, तुम्ही आज रजेवर आहात ना? मग पालक म्हणून आलात का?"

"म्हण तसं."

"मग खिडकीतून यावं लागेल. दुरुस्तीचे अर्ज तीन ते चार. तीन प्रतींत अर्ज, प्रतिज्ञापत्र, डॉक्टरचा दाखला, मुख्याध्यापकांची मान्यता, आणि त्यानंतर तीस दिवस."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, बाई. म्हणाला होतात, समोर माझी आई आली तरी नियम सोडायचा नाही."

मी खरंच म्हणाले होते. आणि तेव्हा मला माझ्या त्या वाक्याचं कौतुक वाटलं होतं.

दुपारी तीनला मी माझ्याच खिडकीसमोरच्या बाकावर बसले. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे. पालक कित्येक वर्षं सांगतात, आणि मी सांगते, इथं काय मुक्कामाला यायचंय का? पावणेचारला ज्युनिअरनं खिडकीचं दार लावून घेतलं. चहाची वेळ. तीही माझीच. बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते, मुलाच्या जन्मतारखेची दुरुस्ती घेऊन तिसऱ्यांदा आलेले. ते मला म्हणाले, "आत एक बाई बसतात, फार उर्मट आहेत. आज नाहीत म्हणून बरं." मी म्हटलं, असतील.

बुधवारी प्रतिज्ञापत्र. वकिलानं मला विचारलं, नेमकं काय लिहायचं? 'मी, शाळेची नोंद लिपिक, शपथेवर सांगते की मी लिहिलेली नोंद मी न बघता लिहिली.' ते वाचून वकील चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. चष्मा ह्यांच्याच दुकानातला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तर कमालच केली. खूण नसल्याचा दाखला देतो म्हणाले, पण आधी पोरीला पूर्ण तपासतो. त्यावर बबी म्हणाली मला उशीर होतोय आणि चक्क दवाखान्यातून निघून गेली. मला वाटलं, लाजली.

मग मुख्याध्यापक. ती तीस दिवसांची अट तेवढे तेच माफ करू शकतात. त्यांना मी सगळं खरं सांगितलं, तर त्यांनी आधी केबिनचं दार लावलं.

"म्हणजे बाकीच्या पाच हजार मुलांच्या खुणा?"

"नऊ जोड्या आहेत, सर."

"बाई, ही एक नोंद बदलली तर उद्या तपासणी येईल. गावातली सगळी पोरं बाह्या वर करून दारात उभी राहतील. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय." त्यांनी अर्ज परत माझ्या हातात दिला. "त्यापेक्षा मुलीलाच काही करता येतं का बघा."

म्हणजे काकूंचा चटका परत आला. हे शिक्षणखातं.

बुधवारी संध्याकाळी मी घरी आले ती थेट पलंगावर बसले. मनात जे आलं ते सांगते. वाटलं, नाही झाला फॉर्म तर ती जाणार नाही. काही न करता, कुणाला न दुखावता, माझ्याच सहीनं. दहा मिनिटं मी त्या विचारात बसले होते आणि ती दहा मिनिटं मला बरं वाटलं. मग आतून बबीचा आवाज आला. बुटांना पॉलिश करता करता ती गुणगुणत होती. अंगावर खूण नाही म्हणून ज्या पोरीची नोकरी जाणार होती, ती गुणगुणत होती. मी उठले, भरती कार्यालयाला फोन लावला आणि त्या ठिपकेवाल्या कारकुनाला विचारलं, दुसरा काही मार्ग आहे का. आयुष्यात पहिल्यांदा मी हा प्रश्न त्या बाजूनं विचारला.

"आहे ना," तो म्हणाला. "गुरुवारी दुपारी आमच्या डॉक्टर बसतात. त्या नव्यानं तपासून खुणा नोंदवू शकतात, मग दाखल्याची गरज नाही. फक्त पालकांनी समोर सही करायची. बाई, हे मी सोमवारीच सांगणार होतो, पण तुम्ही गाढवाबद्दल बोलत होतात."

गुरुवारी चारला आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत. डॉक्टर म्हणजे आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. बबीला घेऊन त्या पडद्यामागं गेल्या. मी खुर्चीवर. हे भिंतीशी उभे राहून आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत होते. मी देवाचं नाव घेत नव्हते, पण एखादा साधा तीळ कुठं पाठीवर असावा एवढं मनात म्हणत होते. कारकून टेबलाशी पेन घेऊन बसला होता.

पडद्यामागून आवाज आला, "लिहा. खूण एक. उजव्या कानामागं, केसांत, जुना व्रण, साडेतीन सेंटिमीटर, टाके पाच. खूण दोन. डावा तळपाय, टाचेजवळ, कापल्याचा व्रण."

मी उठले. "डॉक्टर, तुम्ही चुकीची मुलगी तपासताय."

पडदा सरकला. आत एकच मुलगी होती आणि ती माझीच होती.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"चौदाची होते तेव्हा," बबी म्हणाली.

"कुठं?"

"तलावावर. भिंतीवरून उडी मारली तर पायरी लागली. पायाचं नंतरचं, काच होती."

"कुठल्या तलावावर?"

"गावात एकच तलाव आहे, आई."

"एकटी गेली होतीस?"

बबीनं बापाकडे बघितलं. नळकांड्याजवळून आवाज आला, "मी होतो बरोबर."

"तुम्ही काय करत होतात?"

"टॉवेल धरून उभा होतो," हे म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चार वर्षं पहाटे साडेपाचला ही गणिताच्या शिकवणीला जात होती. मी उठून दूध गरम करून द्यायचे. बाप तिला स्कूटरवरून सोडायला जायचा. गणितात तिला पन्नासच्या वर कधी मार्क पडले नाहीत म्हणून त्या मास्तरांना मी रस्त्यात भेटले की तोंड फिरवायचे. चार वर्षं. त्या बिचाऱ्यांनी माझ्या पोरीला बघितलंसुद्धा नव्हतं. आणि टाके पडले तेव्हा? तेव्हा सर्दी झालीय म्हणून तीन दिवस डोक्याला रुमाल बांधून पडली होती. डोक्यात पाच टाके असलेल्या पोरीला मी तीन दिवस वाफारा दिला होता. खाली मुंडी पाताळ धुंडी म्हणतात ती ही, आणि तिच्या जोडीला हा चष्मेवाला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बंद केलं असतंस," बबी म्हणाली. भांडून नाही, साधंच म्हणाली. आणि ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं असतं, आणि आज ती या खोलीत नसती.

डॉक्टरांनी फॉर्म माझ्यापुढं ठेवला. "पंधरावा रकाना. सही करा, पाचला खिडकी बंद होते."

मी वाचलं. मी वाचल्याशिवाय काही करत नाही, आणि जे वाचलं नव्हतं त्याची फळं आठवडाभर भोगत होते. लिहिलं होतं, 'वर नमूद केलेल्या खुणा मला माहीत असून, प्रसंग आल्यास त्यांवरून मी ओळख पटवू शकेन.'

"प्रसंग म्हणजे कसला?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला समजलं. बावीस वर्षं हा रकाना मी भरत आले. तो कशासाठी असतो हे कुणी मला विचारलं नाही, आणि मीही कधी मनाशी आणलं नाही. पाच हजार पोरांना मी तीळ वाटले, आणि कुणाला कधी त्यांची गरज लागेल असा विचार केला नाही.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "समुद्रावरचं काम असतं, बाई," त्या म्हणाल्या आणि तेवढंच म्हणाल्या. ह्यांनी सूचना वाचणं थांबवलं.

"आई, सगळ्यांकडूनच घेतात गं हे. तू नुसती सही कर," बबी म्हणाली.

मला भीती वाटली. आजवर वाटत होती ती जिन्याची, कात्रीची, फार तर तळ्याची. ही निराळी होती. वाटलं फॉर्म फाडावा. पण पोरगी माझ्याकडे बघत होती, आणि तिला जायचं होतं, आणि साडेचार वाजून गेले होते.

"न बघता मी सही करत नाही," मी म्हटलं.

कारकुनाला ठसका लागला. लागू दे. त्याचा हक्क होता.

बबी माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि तिनं मान खाली घातली. मी वेणी सोडली. दहाव्या वर्षापर्यंत हे केस मी विंचरले होते. मग एक दिवस तिनं कंगवा हातातून काढून घेतला आणि मला त्या दिवशी बरंच वाटलं होतं, पाच मिनिटं वाचली म्हणून. उजव्या कानामागं केस बाजूला केले. पांढरट रेघ होती, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. माझी मुलगी भिंतीवरून पडली होती, तिचं रक्त आलं होतं, तिला सुईनं शिवलं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी तिचा हात धरला होता. मी बोटानं एकेक टाका मोजला.

"सहा आहेत," मी म्हटलं.

"पाच," डॉक्टर म्हणाल्या.

"सहा. शेवटचा कानाच्या घडीत गेलाय. पाच लिहिलेल्या कागदावर मी सही करणार नाही."

डॉक्टरांनी बॅटरी घेऊन वाकून बघितलं. त्यांनी पाचावर आडवी रेघ मारली, शेजारी सहा लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. दुरुस्ती अशी होते. अर्धं मिनिट लागतं.

मग मी तळपाय बघितला आणि सही केली. तारीख घातली. कारकुनानं शिक्का मारला तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती. हे दाराशी जाऊन उभे राहिले, त्यांच्याशी मला घरी गेल्यावर बोलायचं होतंच. कारकून कागद गोळा करायला लागला, डॉक्टरांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

बबीची मान अजून खालीच होती आणि माझा डावा हात तिच्या केसांत होता.

"आई, झालं का?" ती म्हणाली.

"थांब जरा," मी म्हटलं. "मोजतेय."

सहा केव्हाच मोजून झाले होते.